तुलनेतील न्याय : अर्जुनी मोरगावच्या भाषा, चिनी आणि स्लोवाक

१

दोन भाषांची तुलना करता येते काय, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून भाषाविचाराला शास्त्राचे रूप आले ते तुलनेच्याच बळावर, आणि भाषाकुळांची कल्पनाही तुलनेतूनच सिद्ध झाली. अनुत्तरित राहिलेला प्रश्न वेगळा आहे. तुलना करणारा ज्या दोन भाषा समोर ठेवतो, त्या दोहोंशी तो न्यायाने वागतो काय? आणि एखाद्या भाषेशी अन्यायाने वागणे म्हणजे नेमके काय? हा प्रश्न पद्धतीचा आहे, तितकाच नीतीचाही आहे. भाषाविज्ञानाने तो बव्हंशी पद्धतीच्या खात्यावर टाकला आणि साहित्यविचाराने तो अस्मितेच्या खात्यावर जमा केला. परिणामी त्याचा नैतिक गाभा दोन्हीकडे दुर्लक्षित राहिला.

हा गाभा स्पष्ट दिसावा असे एक ठिकाण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात बहुसंख्य लोक मराठीची झाडीबोली बोलतात. गोंड वस्त्यांत द्राविडी कुळातील गोंडी आहे. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी समाजात ही वसाहत अद्याप ‘भंडारा’ या नावानेही ओळखली जाते. म्हणजे एकाच तालुक्यात भारोपीय, द्राविडी आणि चिनी-तिबेटी अशी तीन भाषाकुळे शेजारी नांदतात. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये, द्राविडी व मुंडा भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये आणि तिबेटी-ब्रह्मी भाषांच्या तिसऱ्या खंडाचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथालयाच्या फळीवर एकमेकांपासून दूर असणारे हे तीन खंड या तालुक्यात एकाच रस्त्यावर भेटतात.

चिनी आणि स्लोवाक या भाषांची तुलना केली की जी दोन कुळे समोरासमोर येतात, त्यांतीलच दोन शाखा येथेही समोरासमोर आहेत. तिबेटी ही चिनीची दूरची नातलग. तिबेटीतील ‘सुम’ आणि कँटनी चिनीतील ‘साम’ (तीन) ही रूपे त्या नात्याची खूण सांगतात. मराठी ही स्लोवाकची दूरची नातलग. स्लोवाकमधील ‘दिम’ आणि संस्कृतातील ‘धूम’, ‘व्दोवा’ आणि ‘विधवा’, ‘त्रि’ आणि ‘त्रि’ ही जोडकुळे पाहिली की हे नातेही लपत नाही. चिनी आणि स्लोवाक यांचा प्रस्तुत विवेचनाशी संबंध मात्र केवळ या नात्यापुरता नाही. तुलनेच्या इतिहासात भाषांवर दोन प्रकारचे अन्याय झाले. पहिल्याचे ठळक उदाहरण चिनी आहे, दुसऱ्याचे स्लोवाक. अर्जुनी मोरगावच्या भाषांना हे दोन्ही अन्याय, लहान प्रमाणावर आणि अधिक निकटतेने, भोगावे लागले आहेत.

२

पहिला अन्याय भेदाला उणीव मानण्याचा. १८१८ मध्ये आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलने भाषांची त्रिविध विभागणी केली : व्याकरणिक रचना नसलेल्या भाषा, प्रत्यय जोडणाऱ्या भाषा आणि शब्दाचे अंगच विकार पावणाऱ्या विकारी भाषा. चिनीसारख्या भाषा पहिल्या वर्गात गेल्या. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि त्यांच्या भगिनी तिसऱ्या वर्गात विराजमान झाल्या. पुढे आउगुस्ट श्लायखरने या विभागणीला विकासक्रमाचे रूप दिले आणि वर्ग हे टप्पे झाले. या रचनेत स्लोवाकसारखी भाषा वरच्या पायरीवर आपोआपच बसते. तिच्यात सहा विभक्ती आहेत, तीन लिंगे आहेत, पुल्लिंगात सजीव-निर्जीव असा भेद आहे, क्रियापदात पूर्ण आणि अपूर्ण क्रियेच्या जोड्या आहेत. चिनीत यांपैकी काही नाही. म्हणून चिनी ‘व्याकरणाविना’ असलेली भाषा ठरली.

या निष्कर्षातील दोष केवळ माहितीचा नव्हता. चिनीत शब्दक्रम, निपात आणि वर्गदर्शक शब्द जे कार्य करतात, त्याची कल्पना युरोपीय अभ्यासकांना असूच शकत नव्हती असे नाही. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने १८२७ मध्ये आबेल रेम्युझा यांना उद्देशून प्रसिद्ध केलेल्या पत्रात चिनीच्या सामर्थ्याचा गंभीरपणे विचार केला आहे. व्याकरणिक चिन्हांच्या अभावी चिनी वाक्य विचाराला अधिक उघडे पाडते, हे त्याला जाणवले होते. पण हे सामर्थ्यसुद्धा त्याला अभावातून निघालेले सामर्थ्य म्हणूनच मान्य करता आले. प्रशंसेचा कोन बदलला, पायरी मात्र तीच राहिली. एखाद्या भाषेला काय नाही याची यादी दुसऱ्या भाषेच्या हिशेबाने एकदा तयार झाली, की तिच्याजवळ जे आहे तेही नुकसानभरपाई म्हणूनच दिसू लागते.

ज्या भाषेवर हा अन्याय होतो, तिचे अभ्यासकही तोच मापदंड आपलासा करतात. त्यामुळे अन्याय अधिक खोल जातो. चिनी भाषेचे चिनी माणसाने लिहिलेले पहिले पद्धतशीर व्याकरण मा च्येनचोंग यांचे. १८९८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या या व्याकरणाचा साचा लॅटिनचा होता. मराठी वाचकाला ही कथा अपरिचित वाटू नये. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचे नमुने होते. पुढे संस्कृताचा साचा आला. सामान्यरूप आणि त्याला लागणारे प्रत्यय-शब्दयोगी यांची मराठी व्यवस्था संस्कृतच्या विभक्तीकोष्टकात बसविताना किती ओढाताण झाली, याची चर्चा पुढच्या व्याकरणकारांनी सविस्तर केली आहे. मा आणि दादोबा या दोघांचेही कार्य थोर होते. पण दोघांनाही आपल्या भाषेला व्याकरण आहे हे सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या भाषेचे व्याकरण तिच्यात शोधावे लागले.

अर्जुनी मोरगाव परिसरात हाच अन्याय गोंडीच्या वाट्याला आला आहे. ‘गोंडीला लिपी नाही’, ‘गोंडीला साहित्य नाही’, ‘गोंडीला व्याकरण नाही’ ही वाक्ये शिकलेल्या माणसांच्या तोंडीही सहज येतात. यांतील शेवटचे वाक्य तर निरर्थकच आहे. व्याकरण नसलेली भाषा कोणी बोलू शकत नाही. पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून, शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुंशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली, ही वस्तुस्थिती पुढे करता येते. परंतु लिपीचा पुरावा देऊन गोंडीची प्रतिष्ठा सिद्ध करणे म्हणजे, लिपीविना भाषेला प्रतिष्ठा नाही हा मापदंड मान्य करणेच नव्हे काय? २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेल्या या भाषेचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झालेला नाही. एवढा मोठा भाषिक समाज ‘काय नाही’ या यादीखाली झाकला जातो, यावरून त्या यादीचे बळ ध्यानात येते.

३

दुसरा अन्याय याच्या उलट दिशेचा. येथे भेदाचे नावही घेतले जात नाही. साम्य पुढे केले जाते, आणि साम्याचा अर्थ अधीनता असा लावला जातो. भेद उणीव ठरला की भाषा पायरीखाली जाते. साम्य अधीनता ठरले की भाषेचे भाषापणच नाहीसे होते.

स्लोवाकचा इतिहास या अन्यायाचा इतिहास आहे. चेक आणि स्लोवाक भाषक एकमेकांना बव्हंशी समजू शकतात. आंतोन बेर्नोलाक यांनी १७८७ मध्ये पश्चिम स्लोवाक रूपांवर आधारलेली लेखनभाषा मांडली. ल्युदोवीत श्टूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४३ मध्ये मध्य स्लोवाक बोलींचा आधार घेऊन नवी प्रमाणभाषा ठरविली. या दुसऱ्या प्रयत्नाला सर्वांत प्रभावी विरोध झाला तो परक्यांकडून नव्हे. जन्माने स्लोवाक असलेला, चेकमध्ये काव्यरचना करणारा यान कोल्लार त्यात अग्रेसर होता. चेक, मोराव्हियन आणि स्लोवाक यांची लेखनभाषा एकच असावी, या आग्रहाची मते एकत्र करून त्याने १८४६ मध्ये ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याचा हेतू दुष्ट नव्हता. लहान समाजाने आपली शक्ती विभागू नये, ही त्याची चिंता खरी होती. १९२० च्या चेकोस्लोवाक भाषाकायद्याने तर ‘चेकोस्लोवाक’ नावाची राजभाषा घोषित केली. प्रत्यक्षात कोणी ती बोलत नव्हते. बोलल्या जात होत्या त्या तिच्या दोन शाखा. १९९३ मध्ये स्लोवाकिया स्वतंत्र राज्य झाले, तेव्हा हा वाद राजकीय अर्थाने संपला.

चिनीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. कँटनी आणि पेकिंगची बोली यांचे भाषक परस्परांचे बोलणे समजू शकत नाहीत, तरी त्यांची भाषा एकच मानली जाते. सामायिक लिपी, सामायिक ग्रंथपरंपरा आणि सामायिक राज्य यांनी ते ऐक्य घडविले आहे. एकीकडे परस्परांना समजणाऱ्या दोन भाषा, दुसरीकडे परस्परांना न समजणाऱ्या बोलींची एक भाषा. चिनी आणि स्लोवाक यांची तुलना म्हणूनच उद्बोधक ठरते. ‘भाषा’ आणि ‘बोली’ या संज्ञांचा निर्णय भाषिक अंतराच्या मोजमापाने होत नाही, हे या दोन उदाहरणांनी एकत्रितपणे सिद्ध होते. तो निर्णय कोणीतरी घेतो. जो निर्णय घेतला जातो, त्याच्या नैतिक जबाबदारीचा प्रश्न उपस्थित होतो.

झाडीबोलीच्या बाबतीत हा निर्णय मराठीने घेतला आहे. झाडीबोलीत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’ च्या जागी बहुधा ‘र’ येतो. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. हे बदल नियमबद्ध आहेत आणि त्यांना स्वतःचा इतिहास आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा शब्दसंग्रह आणि तिची व्यवस्था यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. झाडीपट्टीतील दंडारीने आणि नाट्यपरंपरेने तिच्या उच्चाराला व्यासपीठ दिले. तरीही नित्यव्यवहारात ‘पानी’ या उच्चाराला दिले जाणारे विशेषण ‘अशुद्ध’ हेच आहे. झाडीबोली मराठीच्या इतकी जवळ आहे, म्हणूनच तिच्यातील प्रत्येक वेगळेपण चूक ठरते. तिबेटीच्या उच्चाराला कोणी अशुद्ध मराठी म्हणत नाही. परक्याचा भेद क्षम्य असतो, आप्ताचा भेद अपराध होतो.

मराठी विचाराला हा धडा एकदा जवळूनच मिळाला आहे. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद अनेक दशके चालला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. त्या वादातील मराठी पक्षाचे भाषाशास्त्रीय युक्तिवाद आज पुन्हा वाचले, तर कोल्लारच्या चिंतेशी त्यांचे साधर्म्य दिसून येते. साम्य दाखविणे हे तेथेही खोटे नव्हते. साम्यावरून अधिकार काढणे हे मात्र युक्तिवादात बसणारे नव्हते.

४

येथे एक मूलभूत आक्षेप घेता येईल. भाषा ही व्यक्ती नाही. तिला वेदना होत नाही, तिचा अपमान होत नाही. तेव्हा भाषेवरील ‘अन्याय’ हा शब्दप्रयोग केवळ लाक्षणिक ठरतो, आणि लक्षणेवर नीतिविचार उभारता येत नाही.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि भाषेला देवता मानणाऱ्या अस्मितावादी मांडणीला तो लागूही पडतो. परंतु भाषेविषयीचा निर्णय भाषेपाशी थांबत नाही. संविधानाचा ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोयी करण्यास सांगतो. गोंडी ‘भाषा’ म्हणून गणली जाते, म्हणून तिच्या भाषकांना, निदान तत्त्वतः, या अनुच्छेदाचा आश्रय घेता येतो. झाडीबोली मराठीच्या पोटात गणली जाते. तिच्या भाषकाला तो आश्रय नाही, कारण कागदोपत्री त्याचे शिक्षण मातृभाषेतूनच होत आहे. म्हणजे पहिल्या अन्यायाच्या बळीला निदान हक्काची भाषा उपलब्ध असते. दुसऱ्या अन्यायाच्या बळीपाशी तक्रारीचे शब्दही उरत नाहीत.

शाळेतील फळ्यासमोर हे अमूर्त भेद मूर्त होतात. मुलाने ‘पानी’ लिहिले असता शिक्षकाने ‘पाणी’ लिहावयास शिकविणे यात अन्याय नाही. प्रमाणलेखन ही सामायिक व्यवहाराची गरज आहे, आणि ती नाकारणे म्हणजे त्या मुलाचे पुढचे मार्ग बंद करणे होय. प्रश्न त्या दुरुस्तीला कोणते नाव दिले जाते, याचा आहे. ‘तुझ्या घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात’ हे एक वाक्य आहे. ‘चूक’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने मुलाच्या हाती दोन रूपे येतात. दुसऱ्याने त्याच्या हाती एकच येते, आणि आई जे बोलते ती चूक आहे एवढे ज्ञान वर मिळते. दोन्ही वाक्ये एकच लेखनरूप शिकवितात. त्यांतील अंतर भाषाशास्त्राचे नाही, न्यायाचे आहे. तेव्हा भाषेवरील अन्याय हा शब्दप्रयोग लाक्षणिक असला तरी त्याचा वाच्यार्थ बोलणाऱ्या माणसात सापडतो.

५

तुलनेचे न्याय्य रूप कोणते असावे, याचा विचार करताना भारतीय काव्यशास्त्र अनपेक्षितपणे उपयोगी पडते. उपमेची चार अंगे मानली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. मम्मटाने उपमेच्या लक्षणात साधर्म्याबरोबर भेदाचाही समावेश केला आहे. भेद नसेल तर तुलनाच संभवत नाही. तथापि उपमेत दोन्ही बाजू समान नसतात. उपमान हे प्रसिद्ध आणि गुणाने अधिक मानले जाते. मुख चंद्रासारखे असते, चंद्राने आपले चंद्रत्व सिद्ध करावयाचे नसते. श्लेगेलच्या विभागणीत विकारी भाषा हे उपमान आहे, चिनी हे उपमेय. कोल्लारच्या युक्तिवादात चेक हे उपमान आहे, स्लोवाक हे उपमेय. शाळेत प्रमाण मराठी उपमान आणि झाडीबोली उपमेय.

या विषमतेला दिली जाणारी उत्तरेही अलंकारशास्त्राच्या परिभाषेत मांडता येतात. एक उत्तर व्यतिरेकाचे : उपमेयच श्रेष्ठ. चिनी भाषा विकारांच्या ओझ्यातून मुक्त आहे, म्हणून तीच अधिक प्रगत, असे म्हणणारे अभ्यासक युरोपातही झाले. बोलीच अस्सल, प्रमाणभाषा कृत्रिम, हा त्याचाच मराठी अवतार. यात पायऱ्या उलटतात, जिना तसाच राहतो. दुसरे उत्तर अनन्वयाचे : या भाषेला उपमा तिची स्वतःचीच. देशीवादाच्या टोकाच्या मांडण्या या दिशेने जातात. अन्याय टाळण्यासाठी त्या तुलनाच टाळतात. पण तुलना टाळल्याने भाषांचा शेजार नाहीसा होत नाही. अर्जुनी मोरगावच्या बाजारात अनन्वयाला जागा नाही.

तिसरे उत्तर उपमेयोपमेचे. येथे उपमेय आणि उपमान यांची अदलाबदल होते. मुख चंद्रासारखे, चंद्र मुखासारखा. दोन्ही बाजू आळीपाळीने मापदंड होतात. न्याय्य तुलनेची ही किमान अट म्हणता येईल : जी भाषा दुसरीला प्रश्न विचारते, तिने दुसरीच्या प्रश्नासमोरही उभे राहिले पाहिजे.

ही अट पाळली तर काय दिसते? ल्हासाच्या बोलीवर आधारलेल्या आणि निर्वासित तिबेट्यांत सामायिक झालेल्या तिबेटीत ‘आहे’ या अर्थी एकच क्रियापद पुरत नाही. बोलणाऱ्याला वस्तुस्थिती स्वतःच्या आतून, स्वतःच्या संबंधामुळे ठाऊक असेल तर ‘योद’. ती त्याने पाहिली असेल तर ‘दुग’. ती सर्वसाधारण ज्ञानाचा भाग असेल तर ‘योद-रेद’. ज्ञानाचा उगम सांगितल्याखेरीज ‘आहे’ म्हणता येत नाही. तिबेटीने मराठीला प्रश्न विचारला तर मराठी अपुरी ठरेल. ‘गावात पाणी आहे’ या वाक्यात सांगणाऱ्याने ते पाहिले की ऐकले, हे मराठी व्याकरण विचारीतच नाही. याउलट मराठीने चिनी आणि स्लोवाक यांना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्याविषयी विचारले, तर स्लोवाकपाशी उत्तर नाही. तिच्या ‘मि’ या एकाच सर्वनामात श्रोता आहेही आणि नाहीही. पेकिंगच्या चिनीपाशी मात्र ‘वोमन’ आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘त्सानमन’ असा भेद आहे. या एका प्रश्नापुरती मराठी आपल्या कुळातील स्लोवाकपेक्षा परक्या चिनीच्या अधिक जवळ आहे. मराठीतील हा भेद द्राविडी शेजारातून आला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे मराठीच्या ‘आपण’मध्येच गोंडीच्या कुळाचे ऋण आहे. ज्या कुळातील भाषेला व्याकरण नाही असे म्हटले जाते, त्याच कुळाकडून मराठी व्याकरणाने आपला सर्वांत आतिथ्यशील शब्दभेद घेतला.

भूतकाळातील कर्त्याला विशिष्ट प्रत्यय लावण्याची सवय मराठी आणि तिबेटी यांत समान आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ यातील ‘ने’ चे कार्य स्लोवाक व चिनी या दोघींनाही नवखे वाटेल. दुसरीकडे तीन लिंगांची व्यवस्था मराठीने आणि स्लोवाकने आपापल्या परीने जपली आहे. गोंडीत पुरुषवाचक आणि तदितर असा द्विविध भेद असतो. स्त्रिया, प्राणी आणि वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. यावरून गोंड समाजाच्या स्त्रीविषयक दृष्टीचे अनुमान काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. तसे केल्यास मराठीत खुर्ची स्त्री आणि टेबल नपुंसक का, याचेही नैतिक स्पष्टीकरण द्यावे लागेल. भाषेच्या रचनेतून समाजाचा ‘आत्मा’ वाचणे हा हुम्बोल्टपासून चालत आलेला मार्ग आहे, आणि उणीव मोजण्याची सवय बहुधा याच मार्गाने परत येते.

६

परस्परतेच्या या अटीवरही एक आक्षेप संभवतो. प्रत्येक भाषा आळीपाळीने मापदंड होणार असेल, तर कोणताच निष्कर्ष स्थिर राहणार नाही, आणि तुलना म्हणजे केवळ सौजन्याची देवघेव होईल. हा आक्षेप निष्कर्ष म्हणजे क्रमवारी असे गृहीत धरतो. ‘आपण’चा भेद मराठीत आहे आणि स्लोवाकमध्ये नाही, हा निष्कर्ष स्थिरच आहे. अस्थिर होते ती फक्त त्यावरून काढलेली श्रेष्ठ-कनिष्ठता. ती अस्थिर व्हावी, हेच तर अपेक्षित आहे.

अधिक गंभीर अडचण वेगळी आहे, आणि ती काव्यशास्त्राच्याच लक्षात आलेली होती. उपमेयोपमेचे तात्पर्य, या दोघांसारखे तिसरे कोणी नाही, असे मानले गेले आहे. दोघांची परस्परता तिसऱ्याला वगळते. भाषांच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. स्वतःच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी झगडलेल्या स्लोवाकने १९९५ मध्ये राज्यभाषेचा कायदा केला आणि २००९ च्या दुरुस्तीने त्याला दंडाची जोड दिली. दक्षिण स्लोवाकियातील हंगेरियन भाषकांना तो जाचक वाटला. एकेकाळी हंगेरियन सत्तेखाली दबलेली भाषा आता स्वतः उपमान झाली होती. भोगलेला अन्याय न्यायबुद्धीची हमी देत नाही, ही या प्रकरणाची शिकवण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्राचीनतेच्या या सन्मानाने मराठीला दिल्लीपुढे उपमेयाच्या जागेवरून उठविले असेल. गोंडीपुढे आणि झाडीबोलीपुढे ती कोणत्या जागी बसते, हे त्या दर्जाने ठरत नाही.

म्हणून न्याय्य तुलनेला दुसरीही अट हवी : तुलना दोघांत चालू असताना तिसऱ्याची जागा मोकळी राहिली पाहिजे. स्लोवाकियातील दियोनीज ड्युरिशिन यांनी तौलनिक साहित्यविचारात ‘प्रभाव’ या एकमार्गी कल्पनेला विरोध केला, घेणाऱ्या साहित्याच्या निवडीला महत्त्व दिले, आणि दोन साहित्यांच्या जोडीपलीकडे जाऊन आंतरसाहित्यिक समुदायांची कल्पना मांडली. त्यांच्या विचारांचा उपयोग करणाऱ्या मारियान गालिक या स्लोवाक चीनविद्येच्या अभ्यासकाने आधुनिक चिनी साहित्याच्या पाश्चात्त्य साहित्याशी झालेल्या सामन्याचा अभ्यास १९८६ च्या ग्रंथात केला. चिनी आणि स्लोवाक यांची भेट अशा रीतीने प्रत्यक्षात घडली आहे. मोठ्या भाषेच्या सावलीत वाढलेल्या भाषेचा अभ्यासक, घेणारा म्हणजे दुबळा नव्हे हे जाणून, दुसऱ्या एका प्रचंड परंपरेकडे पाहतो, ही घटना तुलनेच्या नीतीला अर्थपूर्ण वाटावी.

ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या भाषेत सांगवून घेतली होती. एकच गोष्ट सर्व भाषांना मोजणारी काठी झाली. ती काठी बाहेरून आणलेली होती, तरी तिच्यामुळेच शेकडो भाषा शेजारी ठेवता आल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक भाषेला तीच गोष्ट सांगावयास लावली गेली. तिला स्वतःला कोणती गोष्ट सांगावयाची आहे, हे त्या तुलनेत विचारले गेले नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आज तिन्ही खंडांच्या भाषा बोलल्या जातात. तेथील झाडीबोली बोलणारा मुलगा, गोंडी बोलणारी मुलगी आणि नोर्ग्येलिंगचे तिबेटी मूल एका वर्गात बसू शकतात. अशा वर्गात कोणत्याही भाषेचे कोणतेही रूप फळ्यावर आले, तर इतर दोघींत ते कसे असते, असे विचारता येईल. उत्तर काही असो, तो प्रश्न आळीपाळीने तिन्ही बाजूंनी विचारला जातो की नाही, यावरच त्या वर्गातील तुलना न्याय्य की अन्याय्य हे ठरेल.